प्रबंधात विरोधी मताला उत्तर कसं द्यावं? (एक परिच्छेद तपासायला दिला आहे)

शब्दवेध
मत मांडणाऱ्या प्रबंधांत विरोधी बाजूचा भाग बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला दिसतो. निष्कर्षाच्या आधी एक परिच्छेद, 'काही लोकांच्या मते' अशी सुरुवात, दोन ओळींत ते मत आणि तिसऱ्या ओळीत 'परंतु हे योग्य नाही'. तपासणारा 'विरोधी मत' या रकान्यात बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. ज्याचं मत वेगळं आहे असा वाचक मात्र जागचा हलत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. विरोधी मत किती द्यायचं, कुठे द्यायचं आणि उत्तर नेमकं कशाला म्हणायचं? नुसती तत्त्वं सांगण्यापेक्षा नमुन्यावर बोलू. खालचा परिच्छेद चर्चेसाठी मुद्दाम बनवलेला आहे.

मुख्य विधान: पदवीच्या सर्व लेखी परीक्षा ओपन बुक असाव्यात.

परिच्छेद: "काही लोक असे म्हणतात की पुस्तक जवळ असले की विद्यार्थी अभ्यासच करणार नाहीत. पण हा विचार जुनाट आहे. आजच्या युगात पाठांतराला काहीच अर्थ उरलेला नाही. शिवाय ज्याला विषय समजलेला नाही त्याला पुस्तक जवळ असूनही उत्तर सापडत नाही. त्यामुळे हा आक्षेप टिकत नाही."

चिरफाड करा.

खोडरबर
पाच वाक्यांतली दोन तर लगेच खोडता येतील. 'जुनाट आहे' ही शेरेबाजी झाली. मत जुनं असण्याचा ते खोटं असण्याशी संबंध नाही. आणि 'त्यामुळे हा आक्षेप टिकत नाही' हा निकाल लेखकाने द्यायचाच नाही. उत्तर पुरेसं असेल तर तो वाचक स्वतः देतो.

'काही लोक' सुद्धा जायला हवं. हे मत कोणत्या कारणासाठी, कोण मांडतं? शिकवणारे मांडतात, परीक्षा घेणारी यंत्रणा मांडते की स्मरणावर संशोधन करणारे? तिघांचा आक्षेप वेगळा आहे, म्हणून उत्तरही वेगळं लागेल.

अनुस्वार
मला त्या परिच्छेदातला 'च' खुपतो. 'अभ्यासच करणार नाहीत', 'काहीच अर्थ'. मराठीत समोरच्याच्या मताचं बुजगावणं करायला एवढं एक अक्षर पुरतं. ओपन बुकला विरोध करणारा कुणीही जाणकार 'विद्यार्थी अजिबात अभ्यास करणार नाहीत' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'तयारीला कमी वेळ देतील'. हे प्रमाणाचं विधान आहे. लेखकाने त्याला 'च' जोडून टोकाचं केलं आणि मग टोक मोडून दाखवलं.

विरोधी मत लिहून झालं की त्यात च, नेहमी, कधीही, सर्व, केवळ, काहीच हे शब्द शोधावेत. मूळ लेखनात ते असतील तर ठेवावेत, नसतील तर काढावेत. उलट 'बहुधा', 'फारसा', 'अनेकदा' हे मूळ लेखकाचे शब्द जसेच्या तसे यायला हवेत. 'फारसा उपयोग नाही' आणि 'उपयोग नाही' ही दोन वेगळी मतं आहेत.

रेघ
'तथाकथित', 'म्हणे' आणि अवतरणचिन्हांत टाकलेला एकच शब्द हेही त्याच जातीचे. 'त्यांच्या "संशोधना"नुसार' असं लिहिलं की उत्तर सुरू होण्याआधीच विरोधी वाचक पान मिटतो.

मीमांसक
आपल्याकडे या कामाला पूर्वपक्ष हा नेमका शब्द आहे, आणि त्याची शिस्तही ठरलेली होती. अधिकरण म्हणजे मीमांसेतली एका विषयाची चर्चा. तिची रचना साधारण अशी असते: विषय, त्याबद्दलचा संशय, पूर्वपक्ष, उत्तर आणि निर्णय. म्हणजे विरोधी मत शेवटी चिकटवायचं ठिगळ नव्हे, सिद्धांताच्या आधीची पायरी आहे. चांगल्या भाष्यांत पूर्वपक्ष इतका जोरकस असतो की तोच सिद्धांत वाटावा.

किती आक्षेप घ्यायचे या प्रश्नालाही जुनं उत्तर आहे: प्रधानमल्लनिबर्हणन्याय. मुख्य मल्ल पाडला की बाकीचे पडल्यासारखेच. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (१.४.२८) तो वापरला आहे. आधी सांख्यांच्या प्रधानकारणवादाशी (जगाचं मूळ जड प्रकृतीत आहे या मताशी) विस्ताराने लढून घेतलं आणि मग सांगितलं की अणुकारणवादासारखी (जग अणूंपासून घडलं असं मानणारी) इतर मतं याच न्यायाने निकालात निघाली. प्रबंधात याचा अर्थ सरळ आहे. पाच किरकोळ आक्षेप चिमटीत पकडण्यापेक्षा सर्वांत बळकट एक निवडा. नमुन्यातल्या परिच्छेदाने सर्वांत हलका मल्ल निवडलाय.

आणि एक. न्यायसूत्रांत वाद (सत्य शोधण्यासाठीची चर्चा), जल्प (जिंकण्यासाठीची) आणि वितंडा असा भेद आहे. स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं समोरच्याचं खंडन करणं ती वितंडा. पान पान भरून खंडन केलं आणि आपलं विधान सिद्ध करायला पुरावा उरला नाही, असे प्रबंध पुष्कळ सापडतात.

तळटीप
मीमांसक, निवडीबद्दल सहमत. या नमुन्यातला मुख्य मल्ल कोणता ते सांगते. तो 'आळस' नाही, तो स्मरण आहे.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे पुस्तक मिटून दिलेली परीक्षा नुसतं मोजमाप करत नाही, ती शिकवतेही. हा ओपन बुकवरचा खरा आक्षेप आहे, आणि 'पाठांतराला अर्थ नाही' या वाक्याने त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

याच्या जवळचे आणखी दोन अभ्यास आहेत. अगरवाल आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात ओपन बुक चाचणीत सुरुवातीला गुण जास्त मिळाले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तो फायदा उरला नाही. मात्र दोन्ही प्रकारच्या चाचण्या नुसत्या अभ्यासापेक्षा सरस ठरल्या. २०११ मध्ये अगरवाल आणि रोडिगर यांना दिसलं की ओपन बुक चाचणीची अपेक्षा असलेले विद्यार्थी नंतरच्या पुस्तक मिटून दिलेल्या चाचणीत मागे पडले. यातलं एक वाक्य लेखकाच्या बाजूचं आहे आणि दोन विरोधी बाजूची. तिन्ही देणं हाच प्रामाणिकपणा.

शब्दवेध
तळटीप, हे वाचून मुख्य विधानच डळमळायला लागलं.

तळटीप
मग आक्षेप बरोबर निवडला गेलाय!

कर्तरी
परिच्छेदातल्या चौथ्या वाक्याकडे कुणी पाहिलं नाही. 'विषय न समजलेल्याला पुस्तकातही उत्तर सापडत नाही.' वाचायला पटतं, पण ते आक्षेपाला भिडत नाही. आक्षेप परीक्षेच्या आधीच्या वागण्याबद्दल आहे: अभ्यास कमी होईल. उत्तर परीक्षेतल्या निकालाबद्दल आहे: न शिकलेला नापास होईल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, अभ्यासही कमी होईल आणि नापासही जास्त होतील. मधला दुवा हवा तो असा: 'नुसतं पुस्तक उपयोगी पडत नाही हे विद्यार्थ्यांना आधीपासून ठाऊक असतं, म्हणून ते तयारी करतात.' हा दुवा सिद्ध करावा लागेल. तळटीप यांनी दिलेला २०११ चा अभ्यास तर उलट दिशेला बोट दाखवतो.

तपासणी सोपी आहे. कागदाच्या डाव्या बाजूला आक्षेप आणि उजवीकडे उत्तर एकेका वाक्यात लिहा. दोन्हींचा कर्ता, काळ आणि विषय एकच आहे का पाहा. डावीकडे 'विद्यार्थी, परीक्षेपूर्वी, तयारीचा वेळ' आणि उजवीकडे 'विद्यार्थी, परीक्षेत, उत्तर सापडणे' असं निघालं तर उत्तर बाजूने निघून गेलंय. या एका तपासणीत निम्मी उत्तरं गळतात.

मिताक्षर
वेगळं मत मांडतो. दरवेळी विरोधी मत द्यायलाच हवं का? वाचकाच्या मनात नसलेली शंका आपण होऊन पेरण्यात काय हशील?

तळटीप
मिताक्षर, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर बरंच काम झालंय. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर प्रयोग केला, तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानविरुद्धचं युद्ध लांबेल असं पटवायचं होतं. एका गटाला फक्त त्या बाजूची कारणं ऐकवली, दुसऱ्याला विरोधी मुद्द्यांसह. ज्यांचं मत आधीपासून विरोधी होतं त्यांच्यावर दोन्ही बाजू मांडण्याचा परिणाम जास्त झाला. आधीच सहमत असलेल्यांवर एकाच बाजूचा.

पुढे संवादाचे अभ्यासक डॅनियल ओ'कीफ यांनी १९९९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. विरोधी मुद्दा देऊन त्याचं खंडन केलेला मजकूर एकतर्फी मजकुरापेक्षा जास्त पटतो. पण जाहिराती सोडल्या तर, विरोधी मुद्दा नुसता उल्लेखून सोडून दिलेला मजकूर एकतर्फीपेक्षाही कमी पटतो. म्हणून तुमची भीती अर्धी खरी आहे. शंका पेरून वाऱ्यावर सोडली तर नुकसानच. 'याला अर्थात काही मर्यादा आहेत' एवढं लिहून पुढे जाणारे नेमकं तेच करतात.

शैक्षणिक लेखनाचा वाचक सहमत असेल असं धरून चालता येत नाही. विषय जाणणाऱ्याच्या मनात ती शंका आधीच असते.

मिताक्षर
पटलं. तरी शब्दमर्यादा १५०० असेल तर दोन आक्षेप घेऊ नयेत या मतावर मी ठाम आहे. एका आक्षेपाला नीट मांडणी, उत्तर आणि त्यातून निघालेला बदल यांसाठी २५० ते ३०० शब्द सहज लागतात. दोन घेतले की मूळ युक्तिवादाला जागा उरत नाही.

रेघ
२५००-३००० शब्दांत दोन बसतात. त्याहून जास्त असतील तर एकाच मुळाचे आक्षेप एकत्र बांधून एकदाच उत्तर द्यावं.

अनुस्वार
मराठीपुरता आणखी एक धोका सांगतो. आपलं क्रियापद शेवटी येतं. "परीक्षेत पुस्तक जवळ बाळगू दिल्याने विद्यार्थ्यांची तयारी कमी होते, स्मरणाचा सराव थांबतो आणि मूलभूत संकल्पना कच्च्या राहतात असे अनेक अभ्यासक मानतात." यात 'अभ्यासक मानतात' येईपर्यंत अख्खा आक्षेप लेखकाच्या आवाजात वाचून झालेला असतो. बोलणारा आधी आणावा: "स्मरणावर काम करणाऱ्या संशोधकांचा आक्षेप असा, की..." आणि आक्षेप दोन-तीन वाक्यं चालणार असेल तर प्रत्येक वाक्यात खूण हवी: 'त्यांच्या मते', 'याच आधारावर ते म्हणतात'. 'असे म्हटले जाते' ही कर्मणी रचना टाळावी, तिच्यात बोलणारा पूर्ण हरवतो.

'पण'ची जागाही महत्त्वाची आहे. 'तपासायला वेळ लागतो, पण उत्तरं नेमकी येतात' आणि 'उत्तरं नेमकी येतात, पण तपासायला वेळ लागतो'. माहिती तीच, तरी वजन 'पण'नंतरच्या भागावर पडतं. परिच्छेद ज्या बाजूला संपतो ती बाजू वाचकाच्या लक्षात राहते.

पानसुपारी
आवाज हरवण्याचं मोठं उदाहरण डार्विनचं आहे. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात सहावं प्रकरण सबंध अडचणींना दिलंय. त्यात तो स्वतःच कबूल करतो की डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला असं मानणं अत्यंत हास्यास्पद वाटतं. लगेच पुढच्या वाक्यात क्रमाक्रमाने घडलेल्या पायऱ्यांचं उत्तर सुरू होतं. पण ते पहिलं वाक्य सुटं काढून त्याच्याच विरोधात वापरलं गेलं, आजही वापरतात. कबुली आणि उत्तर शक्यतो एकाच वाक्यात गुंफावं ते यासाठी. 'असे वाटते खरे, तरी...' अशी जोडणी कापायला कठीण जाते.

'कुठे' या प्रश्नालाही तिथे उत्तर मिळतं. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आक्षेपांसाठी आणखी एक पूर्ण प्रकरण घातलं गेलं. सिद्धांत आधी मांडून झाला आणि आक्षेप सगळ्या इमारतीवर असतील तर वेगळा भाग रास्त. आक्षेप एकाच खांबावर असेल तर त्या खांबाजवळच उत्तर द्यावं.

मीमांसक
पानसुपारी, यात तिसरी जागाही आहे: सुरुवात. प्रचलित मतच तुमच्या विरोधात असेल तर आधी तेच घ्या. वाचक ते मनात धरून बसलेला असतो, तोवर तुमचं काही आत जात नाही.

कर्तरी
बाबासाहेबांचं 'जातिनिर्मूलन' या दृष्टीने परत वाचावं. जातिव्यवस्थेचं समर्थन करणारे म्हणत, ही श्रमविभागणी आहे आणि श्रमविभागणी प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागते. बाबासाहेब दुसरा भाग नाकारत नाहीत. सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते हे मान्यच. मग ते दाखवतात की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे, तीही कप्पेबंद आणि उतरंडीची. समोरच्याचं गृहीतक मान्य करून ते इथे लागू होत नाही हे एका शब्दाच्या फरकाने उघड केलं.

आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यापुढे स्वतःचं उत्तर. विरोधी मताचा सारांश बरोबर आहे का, हा प्रश्नच उरत नाही. वाचकाच्या हातात दोन्ही आहेत.

खोडरबर
कर्तरी यांच्या उदाहरणातून उत्तराचे प्रकार वेगळे काढता येतात. आक्षेपाचा पुरावाच चुकीचा असेल तर ते खंडन. पुरावा बरोबर पण इथे लागू नसेल तर फरक दाखवायचा, वरच्यासारखा. लागू असेल पण दुसऱ्या बाजूचं पारडं जड असेल तर तोलून दाखवायचं, आणि इथे कोणत्या मापाने तोललं ते सांगावं लागतं. आणि आक्षेप खराच असेल तर आपलं विधान आखडतं घ्यायचं. हा शेवटचा प्रकार लिहिणाऱ्यांना पराभव वाटतो आणि तिथेच सगळं बिघडतं. 'हे मान्य' असं लिहितात आणि निष्कर्षात मूळचं विधान जसंच्या तसं परत येतं. मान्य केल्याने जर तुमच्या वाक्यातला एकही शब्द बदलला नाही, तर तुम्ही मान्य केलेलं नाही.

मीमांसक
'तुष्यतु दुर्जनः' (दुर्जनाचंही समाधान होवो) या न्यायाने वादापुरतं गृहीत धरणं वेगळं आणि खरंच मान्य करणं वेगळं, एवढी पुस्ती जोडतो. पहिल्यासाठी 'घटकाभर धरून चालू' असं स्पष्ट लिहावं. नाहीतर वाचक ती कबुली समजतो.

ओवी
हे सगळं प्रयोग आणि आकडे असलेल्या विषयांना ठीक. साहित्याच्या प्रबंधात? तिथे विरोधी बाजू म्हणजे त्याच कवितेचा दुसरा अर्थ. तो 'चूक' कसा ठरवणार?

पानसुपारी
ओवी, चूक ठरवायची गरजच नाही. दोन अर्थांपैकी प्रत्येक अर्थ कोणत्या ओळी उलगडतो आणि कोणत्या ओळींपाशी अडतो, ते दाखवायचं. दुसऱ्या अर्थाला सर्वांत अनुकूल ओळ स्वतःहून उद्धृत करा आणि आपल्या अर्थाने ती कशी वाचावी लागते ते लिहा. वाचन ओढूनताणून होत असेल तर तेवढी ओळ त्या अर्थाला देऊन टाका. आपल्या अर्थाला सर्वांत अडचणीची ओळ लपवली की तज्ज्ञ वाचक पहिली तीच काढतो.

रेघ
थोडं विषयांतर. नियतकालिकाच्या रिव्ह्यूअरना उत्तर लिहितानाही हेच चालतं, फक्त तिथे गाळायची मुभा नसते. शेरा शब्दशः उतरवा, खाली उत्तर, त्याखाली बदललेलं वाक्य पान आणि ओळ क्रमांकासह. शेऱ्यात दोन प्रश्न असतील तर त्यांचे दोन तुकडे करा, कारण दुसऱ्याचं उत्तर नेहमी निसटतं. रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असला तरी मजकुरात बदल करा. जिथे त्याची गफलत झाली तिथे पुढच्या वाचकाचीही होणार.

शब्दवेध
सगळ्यांचे प्रतिसाद समोर ठेवून परिच्छेद पुन्हा लिहिला:

"स्मरणावर काम करणाऱ्या संशोधकांचा आक्षेप असा, की पुस्तक मिटून दिलेली परीक्षा हा स्वतःच शिकण्याचा एक मार्ग आहे. रोडिगर आणि कार्पिकी (२००६) यांच्या प्रयोगात आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवले, पुन्हा वाचणाऱ्यांना कमी. ओपन बुक परीक्षेची अपेक्षा असली की नंतरचे स्मरण घटते, असेही त्यांच्या बाजूने दाखवता येते (अगरवाल आणि रोडिगर, २०११). ज्या विषयांत पुढचे शिक्षण आधीच्या संकल्पना तोंडपाठ असण्यावर उभे आहे, तिथे हा आक्षेप मान्य करावा लागतो, तरी तो आठवण्याच्या सरावाबद्दल आहे, अंतिम परीक्षेबद्दल नाही. हा सराव सत्रभर पुस्तक मिटून घेतलेल्या छोट्या चाचण्यांतून देता येतो. अंतिम परीक्षेत मग अपरिचित प्रश्नाला माहिती लावता येते का, हे तपासायला जागा मिळते."

मुख्य विधान आता असं: सत्रभर पुस्तक मिटून छोट्या चाचण्या होत असतील, तर विश्लेषणाच्या विषयांच्या अंतिम परीक्षा ओपन बुक असाव्यात.

खोडरबर
कितीतरी बरं. 'सर्व' गेलं आणि अट आली. टोकाला नेणारा 'च' एकही नाही.

कर्तरी
डावं-उजवं लावून पाहिलं. आक्षेप: आठवण्याचा सराव जातो. उत्तर: तो सराव दुसरीकडे मिळतो. आता भिडतंय. मात्र २०११ चा मुद्दा अजून मोकळा आहे. तो सरावाबद्दल नाही, अपेक्षेबद्दल आहे. अंतिम परीक्षा ओपन बुक आहे हे माहीत असल्यावर विद्यार्थी छोट्या चाचण्यांना किती मनावर घेतील? त्या चाचण्यांना गुणांत वजन द्यावं लागेल आणि ते विधानातच यावं: 'गुण धरल्या जाणाऱ्या छोट्या चाचण्या'.

तळटीप
सहमत. शिवाय 'तोंडपाठ' ऐवजी 'न बघता आठवणे' करा. तो शब्द आक्षेप घेणाऱ्यांचा नाही, ते घोकंपट्टीची बाजू घेत नाहीत.

शब्दवेध
दोन्ही बदल केले. अपेक्षेच्या मुद्द्यासाठी एक वेगळं वाक्य घालतो.

मिताक्षर
एक राहिलं. विधान बदललंय, म्हणून प्रबंधाचं शीर्षक, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, सारांश आणि निष्कर्ष या चारही ठिकाणी 'सर्व' शोधा. सारांश सहसा आधी लिहून ठेवलेला असतो, तिथे तो हमखास शिल्लक राहतो.